पवनी ते भंडारा: न सोडलेलं गाठोडं

पवनीहून भंडाऱ्याला एसटीने सव्वा-दीड तास लागतो. खिडकीची जागा मिळाली तर अड्याळपर्यंत धानाची शेतं बघत जावं. विणकर-खरेदीदार मेळाव्यासाठी आम्ही सकाळची पहिली गाडी धरली. बाबांचा माग त्या एका दिवसावर अडकला होता. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या साड्यांची ऑर्डर मिळाली तर ठीक, नाहीतर दिवाळीआधी माग मोडायचा, असं घरात ठरलं होतं.

तयारी माझी. मी नागपुरात एका कापड दुकानाचं फेसबुक पेज सांभाळते, त्यामुळे शहाणपण नुसतं उतू चाललेलं. येणाऱ्या खरेदीदारांची पानं मी बाबांच्या मोबाईलवर उघडून दिली. म्हटलं, कोणाला काय आवडतं ते वाचा, बोलायला सोपं जाईल. बाबा चष्मा चढवून रोज वाचायचे. बाबा विणतात तसा करवती काठाचा कोसा विकणाऱ्या एकच बाई निघाल्या, पुण्याच्या. बाकी सगळे छापील मालवाले.

भंडाऱ्याला स्टँडबाहेर तर्री-पोहे खाल्ले. आलात तर खाच, तर्री तेवढी जपून. बाबांनी अर्धी प्लेट तशीच ठेवली. मला वाटलं, घाबरलेत.

सभागृहात प्रत्येक विणकराला दहा मिनिटं होती. बाबा त्या बाईंसमोर बसले, साड्यांचं गाठोडं पायाशी ठेवलं आणि हात जोडले.

"बाई, तुमची माय गेल्याचं वाचलं. मी बसाले आलो."

आमच्याकडे माणूस गेल्यावर पहिल्या भेटीत धंद्याचं बोलत नाहीत, नुसतं जवळ बसतात. बाई आधी गोंधळल्या, मग रडल्या, मग आईचं आजारपण सांगत राहिल्या. मी टेबलाखालून बाबांना पाय लावला, पण ते ढिम्म हलले नाहीत. घंटा झाली, पुढचा विणकर येऊन उभा राहिला.

परतीच्या गाडीत मी भांडले. म्हटलं, त्या स्वतः धंद्यासाठीच आल्या होत्या ना?

"ते तिचं," बाबा म्हणाले. "माय जाऊन पंधरा दिस नाही झाले. तिले पदर कसा दाखवू?"

ऑर्डर आली नाही. कशी येणार? गाठोड्यात काय होतं, हे बाईंना कळलंच नव्हतं. दिवाळीआधी माग सुटा होऊन माळ्यावर गेला. मला बाबांचा राग येतो, आणि त्याहून जास्त माझा. आवडीनिवडी वाचायला सांगताना बाबा माणूस वाचतील हे माझ्या लक्षातच आलं नाही.

परवा घरी गेले, तर बाबा मागाच्या रिकाम्या जागी खुर्ची टाकून त्या बाईंचं पान बघत बसले होते.

"आता बरी दिसून राहिली बाई," म्हणाले.