पिवळ्या ठिपक्यांचे बोल्ट

बरगी धरणाच्या रस्त्यावर जीप उलटली. दादा गेला. बाबा तेव्हा कारखान्यात होते.

सरहद्दीवर लढाई चालली होती आणि आमच्या कारखान्यातून लष्कराच्या गाड्या रात्रंदिवस बाहेर पडत होत्या. बाबा तिथे ॲक्सलच्या खात्यात तपासनीस होते. फिटरने बोल्ट आवळला की ते स्वतः पाना लावून पाहत आणि मग बोल्टच्या डोक्यावर ब्रशने पिवळा ठिपका देत. ठिपका पडल्यावर त्या बोल्टला कोणी पाना लावत नसे. लावणं म्हणजे तपासनिसाला खोटं म्हणणं. ही रीत आमच्या घरातही आली होती. पंखा, सायकल, आईचं शिलाई मशीन, सगळ्यांच्या बोल्टांवर पिवळे ठिपके होते. लहानपणी आम्हाला वाटायचं की बोल्ट असेच मिळतात.

दादा कारखान्याच्या भरतीत दोनदा नापास झाला. मग त्याने लिलावातली जुनी लष्करी जीप घेतली आणि धरणाकाठच्या गावांतून शहरात मासळी आणू लागला. बाबांना दोन्ही गोष्टींची लाज वाटे. ते त्याला ‘इंजिनीअरसाहेब’ म्हणत, तेही शेजारी ऐकत असले तरच.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की काठाला गाळ उरतो. दादाची जीप तिथे वरचेवर फसायची. पुढचं एक चाक गाळात नुसतं फिरत राहायचं आणि दुसरं, कोरड्या जमिनीवरचं, गप्प उभं. गाडीची रचनाच तशी असते, जोर सोप्या बाजूला पळतो. यावर उपाय म्हणून त्याने दिल्लीहून लॉकर मागवला. तो पुढच्या ॲक्सलमधल्या, चाकांना जोर वाटून देणाऱ्या डिफरेन्शियलमध्ये बसवला की दोन्ही चाकं एकमेकांना बांधली जातात आणि एक फिरलं की दुसऱ्याला फिरावंच लागतं. हे त्याने मला अंगणात, गोणपाटावर सुटे भाग मांडून समजावलं होतं. इतका वेळ तो माझ्याशी क्वचितच बोलला असेल.

काम चालू असताना शेजारचे काका कुंपणाशी येऊन म्हणाले, “लड़का मेहनती है, भैया.”

“मेहनती तो गधा भी होता है,” बाबा म्हणाले. “उसको कोई भर्ती नहीं करता.”

काका हसले. दादाही हसला. त्याला तशी सवय झाली होती.

लॉकरवर दातांचं मोठं चक्र बसतं, त्याला क्राऊन म्हणतात. दादाने त्याचे बोल्ट हाताने फिरवून बसवले होते. ते नेमक्या जोराने आवळायला टॉर्क पाना लागतो. बाबांकडे तो होता, लाकडी पेटीत, कापडात गुंडाळलेला.

“बाबा, तुमचा पाना देता का? एवढे बोल्टच राहिले आहेत.”

“काहून? मासळीच्या गाडीसाठी घेतला का मी तो?”

“द्या ना हो,” आई आतून म्हणाली. “एवढं काय मागून राहिला तो?”

“तू पोळ्या बघ.”

दादा सायकल काढून घमापुरला गेला, एका गॅरेजवाल्याकडून पाना उसना आणायला. मी आणि आई आत होतो. तो परत आला तेव्हा त्याने मला हाक मारली. तशी हाक त्याने आधी कधी मारली नव्हती. मी बाहेर आले. क्राऊनच्या प्रत्येक बोल्टवर पिवळा ठिपका होता. रंग ओला होता.

“बघ,” तो म्हणाला. “बाबांनी त्यांचा पाना काढला. माझ्यासाठी.”

उसना पाना त्याने पिशवीतून काढलाही नाही.

लढाईमुळे त्या दिवशी डबल शिफ्टचा हुकूम होता. बाबा डबा घेऊन बाहेर आले. दादा वाकून त्यांच्या पाया पडला. दिवाळी नव्हती, वाढदिवस नव्हता. बाबांनी डबा दुसऱ्या हातात घेतला.

“चल, चल. उशीर होऊन राहिला मला,” ते म्हणाले आणि गेले.

दादाने ॲक्सल बंद केला, तेल भरलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो बरगीला गेला. तिथले मासेमार नंतर घरी आले होते. त्यांनी सांगितलं की ज्या गाळात जीप नेहमी फसायची तिथून ती सरळ बाहेर आली, दादाने खिडकीतून हात काढून शिटी वाजवली, मासळी भरली आणि निघाला. धरणापासून थोड्या अंतरावर, चांगल्या डांबरी रस्त्यावर, धावत्या गाडीची पुढची चाकं जागीच थांबली.

ग्वारीघाटावर दादाला अग्नी देऊन आल्यावर बाबांनी जीप अंगणात आणवली आणि स्वतः ॲक्सल खोलला. आई आणि मी दारात उभ्या होतो. एक बोल्ट पूर्ण निघून क्राऊन आणि ॲक्सलच्या कवचाच्या मध्ये अडकला होता. बाकीचे त्यांनी बोटांनी सोडवले. पाना लागला नाही. प्रत्येकावर ठिपका होता.

आईने विचारलं, “तुम्ही आवळले नव्हते?”

“नाही.”

“मग रंग?”

“बघत होतो, रंग पाहून थांबतो की स्वतः पाना लावतो. थांबणारा फिटर होत नाही. रविवारी सगळ्यांसमोर खोलून दाखवणार होतो.”

मी या उत्तराचा पुष्कळ विचार केला आहे. दादाने पाना लावला असता तर बाबा म्हणाले असते, माझ्या रंगावर पाना लावतो? त्यावरही लोक हसले असते. त्या परीक्षेत पास होण्याची सोयच नव्हती.

तेराव्याला कारखान्यातले लोक जेवायला आले. कोणीतरी हळूच विचारलं, कसं झालं. बाबा म्हणाले, “कच्चं काम. पाना लावला नाही त्याने.”

आई वाढत होती. वरणाचं पातेलं खाली ठेवून ती म्हणाली, “रंग कोणाचा होता, ते पण सांगा ना.”

बाबांनी भात कालवला आणि ते जेवले. त्यानंतर आई त्यांच्याशी बोलली नाही. रोज वेळेवर वाढत राहिली, पण बोलली नाही. गेली तेव्हाही भिंतीकडे तोंड करून होती.

जीप भंगारात गेली. लॉकर मी ठेवून घेतला. त्याचं काहीच बिघडलं नव्हतं. क्राऊन जोडून मी बोल्ट पुन्हा हाताने बसवले, जेवढे त्याने बसवले होते तेवढेच.

बाबा आता माझ्याकडे असतात. त्यांना वेळेवर औषध मिळतं, मऊ भात मिळतो. वाचा गेली नव्हती तेव्हा त्यांनी एकदाच म्हटलं होतं, ते तिथून काढ. मी पुस्तकातून मान वर करून ऐकलं आणि पुन्हा वाचू लागले.

त्यांना कूस बदलता येत नाही. लॉकर त्यांच्या पलंगासमोरच्या फळीवर आहे.