फ्यूज कोणाच्या खिशात?

ऐंशीच्या दशकात चंद्रपूरच्या एका दवाखान्यात मी नसांना करंट देऊन तपासायचं मशीन चालवत असे. एकदा जवळच्या वीज केंद्राच्या वसाहतीतून, ऊर्जानगरहून, एक वायरमन आला. उजव्या अंगठ्यात जोर उरला नव्हता. पक्कड हातातून गळायची.

मनगटाला तारा चिकटवून मी बटण दाबलं. मशीन ढिम्म! प्लग हलवला, वायर पाहिली. पडल्यापडल्या त्याने एकदम जीभ चावली आणि खिशातून चिनीमातीचा फ्यूज काढला. माझी पाठ वळताच बोर्डातून उपसला होता.

"माफ करा साहेब, सवय आहे. फ्यूज आपल्या खिशात असल्याबिगर लाईनीले हात लावत नाई मी. दुसऱ्याचा काय भरवसा?"

उठून त्याने डाव्या हाताने फ्यूज बसवला, पुन्हा आडवा झाला. "आज तुमच्या भरवशावर."

मी झटका दिला. अंगठा टुणकन उडाला.

"सप्लाय येऊन राह्यला जी!" तो खदखदून हसला.

नस जिवंत होती, फक्त मनगटात दबली होती. छोटं ऑपरेशन लागेल म्हटल्यावर तो दारात थबकला.

"मले गुंगी देतीन, तवा फ्यूज कोणाच्या खिशात राहीन जी?"

 ऑपरेशनच्या दिवशी, काहीच काम नसताना, मी थिएटरात त्याच्या उशाशी जाऊन उभा राहिलो.