ड्रमवरची कुंकवाची दोन बोटं

माझी देवावर श्रद्धा होती, पण त्या सकाळी स्वतःच्या मेकॅनिकलच्या पदवीवर जरा जास्त होती. आमच्या घरातला मी पहिलाच पदवीधर. मला नोकरी लागली की माझ्याच गाडीतून केळव्याच्या देवीच्या दर्शनाला जायचं, असा आईचा नवस होता. मी जुनी गाडी घेतली आणि सालवडला घराच्या दारात हँडब्रेक ओढून पावसाळाभर उभी ठेवली. निघायच्या दिवशी मागचं डावं चाक हलेना. ब्रेक आतून गंजून चिकटला होता. दर्शन होईपर्यंत आई पाणीही घेणार नव्हती. रिक्षा करू म्हटलं, तर म्हणाली, "देवीला रिक्षा कबूल केली नव्हती."

सुट्टीमुळे गॅरेजं बंद. हँडब्रेक सोडला, चाक काढलं, पण त्याच्यामागचा ब्रेकचा लोखंडी ड्रम निघेना. दोन तास मी तो ठोकत होतो, ओढत होतो, देवीचं नाव घेत होतो. आईचा आवाज बारीक होत चालला. शेवटी तीच उठली आणि ड्रमला हळदकुंकू लावलं, दोन ठिकाणी, चांगलं चेपून.

मी चिडलो. "आई, लोखंड आहे ते!"

"मग तुझं तरी कुठं ऐकतंय?"

तेवढ्यात मुरबे गावाहून म्हावरं, म्हणजे मासळी, विकायला येणारी मावशी दारात आली. पाटी उतरवून ती ड्रमकडेच बघत राहिली.

"बोल्ट लावलंस काय?"

"कुठे?"

"काकूनं कुंकू लावलंय तिथंच. भोकं हायत ती. आमच्या टेम्पोचा आमी असाच काढतो."

अंबाड्यातला आकडा काढून तिने कुंकू उकरलं. आत खरंच बोल्टसाठी पाडलेले आटे होते. आसपासच्या कारखान्यांमुळे सालवडला घरोघरी डब्यात नटबोल्ट असतातच. त्या मापाचे दोन मिळाले.

"एकदा हा पीळ, एकदा तो. आन् मारू नको, त्यानं तुझं काय केलंय?"

थोडं थोडं पिळत गेलो, तसे बोल्ट आत टेकून ड्रमला बाहेर ढकलू लागले. टक् आवाज झाला आणि ड्रम माझ्या मांडीत आला.

"मी जागा दाखवली होती," आई म्हणाली.

"दाखवली व्हती, काकू. पोरगं शिकलेलं हाय, त्याला दिसली नाय."

गंज घासून सगळं परत बसवलं. मावशीला उशीर झाला होता, म्हणून तिला पाटीसकट पालघरच्या बाजारात सोडलं. देवळाशी पोचलो तेव्हा गाडीत बोंबलांचा वास भरला होता. मला संकोच वाटला.

"देवी केळव्याची आहे, कोळ्यांच्या गावची," आई म्हणाली. "तिला काय हा वास नवीन?"

देवीसमोर हात जोडले, पण मागावंसं काही वाटलं नाही. हल्ली कुठे अडलं की आधी हातोडी खाली ठेवतो आणि विचारतो. उत्तर कोणाच्या तोंडून यावं, हे मी ठरवत नाही.

बाहेर आल्यावर आईने तांब्याभर पाणी एका दमात संपवलं आणि म्हणाली, "जाताना मावशीला प्रसाद देऊन जाऊ."