उजवीकडची शेवटची कमान

नीळकंठ मुळ्ये चाळीस वर्षं सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होते. अक्षर असं, की कचेरीतले लोक बदलीचे अर्जसुद्धा त्यांच्याकडून लिहून घेत. कोटरा सुल्तानाबादच्या घरात कॅलेंडर जरा तिरकं दिसलं, तरी हातातला घास ठेवून ते उठत. अशा काटेकोर माणसाने आयुष्यात एक नकाशा खोटा काढला होता आणि तो पचलाही होता.

मागच्या हिवाळ्यात पेपरात बातमी आली, की इकबाल मैदानाच्या कडेच्या जुन्या देवडीची दुरुस्ती मूळ नकाशाबरहुकूम होणार. मूळ नकाशा म्हणजे त्यांनीच पूर्वी खात्यासाठी काढलेला. दोन दिवस ते तीच बातमी पुन्हापुन्हा वाचत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळीच बस धरून मैदानात उतरले.

कोवळ्या उन्हात पाचसहा म्हातारे शौकत महलाकडे पाठ करून शेकत बसले होते. देवडी दुरुस्तीसाठी बांधलेल्या बांबूंच्या परांचीत अडकली होती. सात कमानींपैकी सहा सारख्या, उजवीकडची शेवटची मात्र बुटकी. नीळकंठरावांनी आधी तिच्याकडेच पाहिलं. ती अजून होती.

कामावरची इंजिनिअर शर्वरी इंदूरची, मराठी. तिने म्हाताऱ्याला हटकलं नाही, उलट कौतुकाने फळीवरचा नकाशा दाखवला. "बघा काका, सातही एकसारख्या. ही शेवटची नंतर कुणीतरी भरून छोटी केली. उद्या तोडून बराबर करतोय."

नकाशाच्या कोपऱ्यात त्यांची सही होती, सुबक.

गॅसगळतीचं वर्ष होतं ते, चौऱ्याऐंशी. एक डिसेंबर, शनिवार, देवडीची मापं घेणं चालू होतं. मदतनीस गोपीनाथ टेपचं शून्याचं टोक भिंतीला दाबून बसायचा आणि नीळकंठराव दुसऱ्या टोकाला आकडा वाचायचे. आरेखकाने शून्य धरायचं नाही, ते मदतनीसाचं काम, ही खात्याची रीतच. डावी बाजू संपली तेव्हा ऊन कललं होतं. बुटक्या कमानीत ठेवलेला डबा उचलताना गोपीनाथ म्हणाला, "बाबूजी, ये वाली बाकियों जैसी नहीं है. सोमवार को नापेंगे."

तो स्टेशनच्या पलीकडे राहायचा. रविवारच्या रात्री गॅस आला. सोमवारी तो नव्हता.

महिन्याभराने साहेबांनी नकाशा मागितला. इमारत दोन्हीकडून सारखी असली, की डावी बाजू काढून ट्रेसिंग पेपर उलटा करायचा आणि उजवी बाजू गिरवायची, ही आरेखकांची नेहमीची युक्ती. नीळकंठरावांनी तेच केलं. ठाऊक असून केलं. वर शाबासकी मिळाली, ती आजतागायत त्यांना टोचत होती.

"ती भरलेली नाही," नीळकंठराव म्हणाले. "पहिल्यापासून तशीच आहे. नकाशा चुकलाय."

"पण काका, नकाशा तर ओरिजिनल आहे."

"माझा आहे. ती बाजू मी मोजलीच नाही." त्यांनी सगळं सांगितलं, स्वतःला कुठेही न वाचवता.

शर्वरीने फळीवरचा नकाशा बुटक्या कमानीशी ताडून पाहिला. "इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आधी इथे पाऊल टाकवेना. नंतर लाज वाटली."

तिने मिस्त्रीला हाक मारून उद्याचं तोडकाम थांबवलं. "तुम्हाला लिहून द्यावं लागेल, काका. नाहीतर वरचे मानणार नाहीत."

वाळूच्या पोत्यावर बसून नीळकंठरावांनी तिच्या पॅडवर त्याच सुबक अक्षरात लिहिलं: उजवी बाजू मी न मोजता काढली. शेवटची कमान वेगळी आहे, हे मदतनीस गोपीनाथ यांनी त्याच दिवशी मला सांगितलं होतं. खाली सही केली.

"नाप आत्ताच घेऊन टाकू," म्हणत शर्वरीने टेप काढला आणि धरायला कुणी मिळतंय का ते पाहू लागली. नीळकंठरावांनी तिच्या हातातून टेपचं शून्याचं टोक घेतलं. गुडघे कुरकुरले, तरी ते बुटक्या कमानीच्या पायाशी खाली बसले आणि टोक दगडावर अंगठ्याने दाबलं.

"काका, हलतंय."

त्यांनी दुसरा हातही लावला.

"धरलंय," ते म्हणाले. "वाचा."