लाल पेनाचं टोपण

उत्तनच्या व्हेरामावशी बोंबील सुकवून विकतात. कॅनडात जन्मलेल्या नातीला पत्र लिहायचं, म्हणून साठीत त्या भाईंदरच्या नीलमबाईंकडे इंग्रजी शिकायला लागल्या. बोंबील कसे सुकवतात ते सांगणारं पहिलंच पत्र पाहून नीलमबाईंनी सवयीने लाल पेन उघडलं, तर मावशींनी कागदावर हात ठेवला.

"तुमी लिवू नका, टीचर. समजलं न्हाय ते इचारा."

"दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून का टांगता?"

मावशींनी बराच वेळ घेतला आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत स्वतः लिहिलं: एकानं दुसऱ्याला धरलं, की वारा कुणालाच नेत नाही.

बावीस वर्षं नीलमबाई पोरांचे निबंध सुधारत आल्या होत्या. असं एक वाक्य त्या लाल पेनातून कधी उतरलं नव्हतं. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचा प्रश्न विचारला.