कासिमभाईंना सांगितलेला खोटा शेवट

शिलाई मशीन थांबल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

खडखड खडखड चालू असायचं, आणि एकदम गप्प.

ते मशीन चालवणारे कासिमभाई सोमवारी गेले. शहाऐंशी वर्षांचे होते. महाडच्या बाजारात त्यांचं टेलरिंगचं दुकान होतं. ही पोस्ट वाचणाऱ्या निम्म्या लोकांच्या शाळेच्या खाकी चड्ड्या त्यांनीच शिवल्या असतील.

पन्नास वर्षांपूर्वी मी इथल्या हायस्कुलात मास्तर म्हणून नवा लागलो होतो. एकटा राहायचो. वर्गात कविता चालीवर म्हणायचो आणि घरी आलो की त्याच कविता भिंतींना ऐकवायचो.

शाळेच्या कपाटात जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या होत्या. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या. घराणी, इस्टेटी, मुलींची लग्नं, कोणी कोणाकडे चहाला जायचं आणि कोणी नाही. त्यांना माझ्याशिवाय कोणी हात लावत नसे.

एकदा शर्टाचं माप द्यायला गेलो तेव्हा तसलं एक पुस्तक काखेत होतं.

"काय हाय ह्यात, सर?"

दोन पानं मराठीत सांगितली.

"उद्या पण या," कासिमभाई म्हणाले. "शर्ट नाय झाला तरी या."

मग रोज दुपारी शाळा सुटली की मी दुकानात. मी वाचत वाचत मराठी करायचो, ते शिवत ऐकायचे. गोष्ट रंगली की मशीन थांबायचं. तीच माझी टाळी.

आतल्या खोलीत त्यांची धाकटी बहीण जुबेदा काज-बटणं करायची. उघड्या दारातून मला फक्त तिचे हात दिसायचे. ती कधी बोलली नाही.

खरं सांगायचं तर ती पुस्तकं कासिमभाईंना माझ्यापेक्षा जास्त कळायची. जेवणाच्या टेबलाशी कोण कोणाच्या वरच्या मानाच्या जागी बसलं यावर पाच पानं खर्च झाली की मी कंटाळायचो. ते हसायचे.

"हे तर आपलं मानपानच की, सर! लग्नाचे कपडे शिवायला येतात ना, कापड बघूनच मला कळतं मुलीच्या बापाला कुणाची भीती हाय."

त्या पावसाळ्यात जी कादंबरी चालली होती तिच्यात एका जमीनदाराची मुलगी होती. शेजारच्या इस्टेटीच्या मालकाने तिला मागणी घातलेली. तिचं मन मात्र गावात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या तरुणावर.

कासिमभाई पैज लावायचे. "पोरगी नाय म्हणणार बापाला. लिहून घ्या."

शेवटच्या प्रकरणात मुलगी बापाचं ऐकते. मोठ्या घरात जाते. घड्याळवाला गाव सोडतो. संपलं.

मी ते पान वाचलं आणि मान वर केली. मशीन थांबलं होतं. आतले हातही थांबले होते.

मला सांगवेना.

"ती नाही म्हणाली," मी म्हणालो. "बापाला तोंडावर सांगितलं. घड्याळवाल्याशी लग्न केलं."

कासिमभाईंनी मांडीवर थाप मारली. "बोललो नव्हतो?"

आठ दिवसांनी ते शाळेत आले. आयुष्यात पहिल्यांदा. आत येईनात, म्हणून मीच बाहेर झाडाखाली गेलो.

तेव्हा कळलं. जुबेदाला कुवेतचं स्थळ आलं होतं. गावात स्लॅबचं घर, फ्रिज, सगळं. आणि तिने सांगितलं होतं, लग्न करीन तर पोलादपूरला हायवेवर पंक्चर काढणाऱ्या युसूफशी.

"सर, पुस्तकातली पोरगी खरंच नाय म्हणाली ना?"

आता तरी खरं बोलायला हवं होतं. एका मुलीचं आयुष्य माझ्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

"हो," मी म्हणालो. "खरंच."

"बरं. आतापर्यंत कच्ची शिलाई होती. आता पक्की मारतो."

लग्न झालं. लोक कासिमभाईंना बोलायचे. "बहीण काय टायरला दिलीस रे?" ते मान खाली घालून शिवत राहायचे.

मी ते पुस्तक घरी आणलं आणि परत केलंच नाही. दुसऱ्या कोणी वाचलं तर, या भीतीने. पुढे पन्नास वर्षं मी एसटीने पोलादपूरवरून गेलो की त्या बाजूची खिडकी टाळायचो. पोरगी सुखात आहे का, हे विचारायचा धीर झाला नाही. कासिमभाईंनाही खरं सांगितलं नाही.

आज हे इथवर लिहिलं आणि चहा टाकायला उठलो, तेवढ्यात कडी वाजली.

दारात सत्तरीची बाई. चेहरा ओळखीचा नाही. मग पिशवी धरलेले हात पाहिले.

"मी जुबेदा. भाई सांगून गेला, मी गेल्यावर सरांकडं जा आणि पुस्तकाचा खरा शेवट ऐकून ये."

मी दाराची चौकट धरली.

"त्याला माहीत होतं, सर. तुमचे हेडमास्तर कोटाच्या ट्रायलला आलेले, त्यांनी ते पुस्तक कधीकाळी वाचलेलं, त्यांना विचारून घेतलंन. मग तुमच्याकडं शाळेत आला."

"मग मला कशाला विचारलं?"

"त्याला मला कुवेतवाल्याला द्यायचीच नव्हती. पण समाजापुढं एकट्याला धीर होत नव्हता. कोणीतरी शिकलेला माणूस बरोबर हवा होता."

पन्नास वर्षं अडकलेला प्रश्न शेवटी तोंडातून बाहेर पडला. "जुबेदा, बरं गेलं ना सगळं?"

ती हसली. "उपाशी नाय राहिलो. आंबेनळीचा घाट हाय तोवर टायर फुटणारच की." मग मागे वळून म्हणाली, "ते खाली रिक्षात बसलेत. त्यांना पण ऐकायचं हाय. बोलवू काय?"

पुस्तक कपाटातून काढलंय. चहाचं आधण वाढवलंय. युसूफ जिना चढतायत, पोस्ट इथेच थांबवतो.

बरं, या आता, कासिमभाई. उरलेली दोन पानं आम्ही वाचून घेतो.