माझ्या फोटोखालची ओळ

"हिला पुढं बसवा. हिचा चेहरा बरोबर आहे."

ग्रंथपाल सर फोटोग्राफरला म्हणाले. माझ्याकडं न बघता. टेबल कुठं ठेवायचं ते सांगतात तसं.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या दिवशी नव्या डिजिटल विभागाचं उद्घाटन होतं. नवे संगणक आले होते. खुर्च्यांवरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. ग्रंथालयाचं एक बातमीपत्र निघतं. कुठली पुस्तकं आली, कुठली नियतकालिकं आता ऑनलाइन वाचता येतील, कोण पाहुणे येऊन गेले, असलं त्यात असतं. त्यासाठी फोटो पाहिजे होता.

आम्ही पीएच.डी. करणाऱ्या काहीजणी तिथं होतो. माझी एक मैत्रीण आधीच संगणकापुढं जाऊन बसली होती. तिच्या घरचं शाहूपुरीत कापडाचं दुकान आहे, दोन पिढ्यांचं. सरांनी तिला उठवलं. म्हणाले, तू नको, तू चांगल्या घरातली दिसतेस. ती हसली. बाकीच्याही हसल्या. मग मला बसवलं.

घड्याळ काढ म्हणाले. काढलं. ओढणी दोन्ही खांद्यांवरनं घे म्हणाले. घेतली. माझ्या मार्गदर्शक मॅडम शेजारीच उभ्या होत्या.

"आता स्क्रीनकडं बघ. जरा नवल वाटल्यासारखं."

मी चांगल्या घरातली दिसत नाही, हे मला पहिलीपासून सांगितलं गेलंय. त्यापायी वर्गात मागं बसले, लग्नाच्या पंगतीतनं उठवली गेले. पण तशी दिसत नाही म्हणून कुणी खुर्ची दिली, हे पहिल्यांदाच घडत होतं.

मी मुरगूडकडची. गावाच्या खालच्या अंगाला आमचा मांगवाडा. कमानीवर आता नवं नाव आहे, गाव पत्ता सांगतं तो जुनाच. बारावी झाल्यावर मी वडलांबरोबर इचलकरंजीला गेले. वडील यंत्रमागावर कामाला होते. मी एका टायपिंगच्या दुकानात लागले. लग्नपत्रिका, भाडेकरार, कॉलेजच्या पोरांचे प्रकल्प. दिवसभर कीबोर्ड. पुढंपुढं लोकांचे प्रबंधसुद्धा टाइप केले. ते करता करताच वाटायला लागलं, हे आपल्यालाही लिहिता येईल. नोकरी करत बी.ए. झाले. मग एम.ए. आमच्या वाड्यातून विद्यापीठापर्यंत दुसरं कुणी आलेलं नाही.

आई गावातच राहिली. लोकांच्या रानात भांगलायला, तण काढायला जाते. दारात एक म्हैस आहे. सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालते. तिथं रांगेत बायकांना सांगायची, माझी पोरगी इचलकरंजीला कॉम्प्युटरवर हाय. आईजवळ मिरवायला दुसरं काही नव्हतं. एवढं एकच वाक्य होतं.

बातमीपत्र छापून आलं. पहिल्याच पानावर मी. खाली ओळ होती. 'आयुष्यात प्रथमच संगणकाला स्पर्श करताना वंचित घटकातील विद्यार्थिनी.'

मी नोटीस बोर्डापुढं उभी राहून वाचलं. परत वाचलं. मैत्रीण म्हणाली, फोटो मस्त आलाय की गं. आमच्याबद्दल असलं लिहायची लोकांना सवय आहे आणि वाचून गिळायची आम्हाला. वेबसाइटवरही तो फोटो चढला. तिथून कुणी उचलला कुणास ठाऊक, आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला.

डेअरीचा सेक्रेटरी गावातल्या मोठ्या घरातला. त्यानं भर रांगेत आईला फोन दाखवला. आईनं मला ओळखलं. हरखली. शेजारणीला म्हणाली, बघ, माझी पोरगी. आईला वाचता येत नाही. मग त्यानं ती ओळ मोठ्यानं वाचली. आणि विचारलं.

"हितं तर लिवलंय, आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरला हात लावला. मग एवढी वर्सं इचलकरंजीत तुझी पोरगी नेमकं काय काम करत हुती?"

रांग हसली. बाप्येही, बायकाही.

हे मला शेजारच्या काकीनं त्याच सकाळी फोन करून सांगितलं. आईनं सांगितलं नाही. आईचा फोन आला तो दुपारी. जेवलीस का म्हणाली. म्हैस आटत आलीय म्हणाली. मग म्हणाली,

"तू तिथं टायपिंगच करत हुतीस न्हवं?"

माझ्या आईनं विचारलं. जिनं डोक्यावर बोचकं घेऊन मला इचलकरंजीच्या गाडीत बसवलं होतं, तिनं. गावाचा राग आला नाही मला त्या वेळी. ती एक ओळ डोळ्यांपुढं आली. कुणीतरी खुर्चीत बसून, चहा पिता पिता लिहिलेली. त्यात माझी सगळी वर्षं पुसून टाकलेली होती, आणि मोकळ्या झालेल्या जागेत गावानं पाहिजे ते भरलं होतं.

व्हय आई, टायपिंगच, एवढंच बोलले. फोन ठेवला. सरळ ग्रंथपालांच्या केबिनमध्ये गेले.

सरांनी बसायला सांगितलं. माझं ऐकून घेतलं. ओळ खोटी आहे, दुरुस्ती छापा, एवढंच माझं म्हणणं होतं. ते म्हणाले, अगं, हे कौतुक आहे. अशा बातम्यांनीच निधी येतो, तुमच्यासारख्यांसाठीच साधनं घेता येतात. मग हसून म्हणाले, "आणि तुझं नाव कुठं छापलंय? कुणाला कळणार आहे?"

विद्यापीठात मी शुद्ध बोलते. सवयीनं जमलंय. त्या वेळी जमलं नाही.

"नाव न्हाय सर. तोंड माझं हाय की."

ते परत हसले नाहीत. बघू म्हणाले. काही बघितलं नाही.

मॅडमकडं गेले. मॅडम आतापर्यंत माझ्याशी बऱ्या वागत होत्या. डेअरीतलं त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, गावातले लोक असेच असतात, तू तिकडं लक्ष देऊ नकोस. मग म्हणाल्या, विद्यापीठाला दर्जा देणारी तपासणी समिती यायची आहे, आत्ता कुठं बोलू नकोस, तुझा प्रबंध अजून माझ्याकडं आहे. शेवटचं वाक्य त्या अगदी मायेनं बोलल्या. तरी मला कळलं.

समिती आली. उद्घाटनापासून कुलपात असलेली संगणकांची खोली त्या सकाळी उघडली. बातमीपत्रात लिहिलं होतं, ऑनलाइन साधनं सर्वांसाठी खुली. पासवर्ड प्राध्यापकांपुरते. आम्ही मागितले की पुढच्या महिन्यात, असं उत्तर. त्या दिवशी मात्र सगळे स्क्रीन चालू. मला निरोप आला, येऊन बस, त्याच जागेवर. मी जाऊन बसले. मनात काही ठरवलेलं नव्हतं.

समितीतले एक पाहुणे माझ्यापाशी थांबले. हातात ते बातमीपत्र. फोटो बघितला, मला बघितलं.

"अरे वा, तीच का तू? मग, आता जमतं का संगणकावर?"

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. सर बघत होते. मी उठून उभी राहिले.

"ते खोटं छापलंय सर. मी टायपिंग करूनच शिकलेय. ही खोली बंद असते. तुम्ही आलाय म्हणून उघडलीय."

एवढंच बोलले. आवाज चढला नाही.

मला वाटलं होतं, आता काहीतरी होईल. पाहुण्यांनी मान हलवली. धीट आहेस, छान, म्हणाले. मग सरांकडं वळून वाचनकक्ष कुठल्या बाजूला आहे ते विचारलं. सगळे तिकडं गेले. दार उघडंच राहिलं. मी एकटी उभी.

विद्यापीठाला चांगला शेरा मिळाला. पेढे वाटले. आमच्या विभागातही आले.

मॅडमनी पुढच्या आठवड्यात सांगितलं, माझ्याकडं आता वेळ नाही, दुसरा मार्गदर्शक शोध. मी शोधला. विभागात, दुसऱ्या विभागात, संलग्न कॉलेजांत. कुणी म्हणालं जागा भरल्या. कुणी म्हणालं विषय माझा नाही. एकानं खरं सांगितलं, तुला घेतलं तर मला तिथं काम करणं अवघड होईल. त्याचे मी आभार मानले. मैत्रीण कॅन्टीनमध्ये अजून भेटते. म्हणते, एका ओळीसाठी सगळं घालवलंस. तिला समजावणं मी सोडून दिलंय.

माझा फोटो मात्र काढून टाकला. वेबसाइटवरून गेला. दुरुस्ती आली नाही. नवा अंक आला, त्यात त्याच जागी दुसरी मुलगी. आजऱ्याकडची, एम.ए.च्या पहिल्या वर्षाची. ओळ तीच. शब्दसुद्धा बदललेला नाही.

मी तिला गाठलं. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसवून सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं. मग म्हणाली,

"ताई, मला हितं शिकायचं हाय. मला ह्यात घिऊ नका."

तिचं चुकलं असं मला म्हणता येत नाही.

आई अजून डेअरीत जाते. बायका सांगतात, रांगेत आता गप्प उभी असते. माझं नाव काढत नाही. मागच्या खेपेला घरी गेले तेव्हा माझ्या डोक्याला तेल लावता लावता म्हणाली, जाऊ दे बाई, आपलं कोण खरं मानतंय. तिचे हात चालू होते.

दुरुस्ती छापणार नाहीत. मला माहीत आहे. तरी प्रत्येक अंक निघाला की मी त्या केबिनमध्ये जाते. उभ्यानंच बोलते. ओळ खोटी हाय, दुरुस्ती छापा. सर मान वर करत नाहीत. मी बोलून बाहेर येते. शुद्ध बोलायचं तिथं मी सोडून दिलंय.

मुदत संपली की माझी नोंदणी रद्द होईल. मग बाहेरची वाचक म्हणून जाईन. तेही बंद केलं तर दारात उभी राहीन. हात जोडणार नाही. रडणार नाही. माझ्या तोंडाखाली काय लिहायचं ते ठरवायचा हक्क मी कुणाला दिलेला न्हाय. मरेपर्यंत देणार न्हाय.